हुंग्याच्या नाकातला बोळा

हुंग्याचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. गजर त्याने कधी लावला नाही. उठायचा, चूळ भरायचा, आमच्या घराच्या मागच्या खोलीचं दार हलकेच ओढून घ्यायचा आणि बेकरीत जाऊन भट्टी पेटवायचा. विटांची भट्टी एकसारखी तापायला दोन-अडीच तास घेते. घाई केली तर पाव वरून जळतो आणि आतून कच्चा राहतो. तो घाई करायचा नाही. मी मागाहून जायचो. माझं काम पीठ मळायचं. भट्टी तापेपर्यंत माझं पीठ मळून, फुगून साच्यांत बसलेलं असायचं.

हुंग्या माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मला काम सोडून बरीच वर्षं झाली. बरोबर राबलेल्या माणसांपैकी एकाबद्दल लिहायचं तर मी त्याच्याबद्दल लिहीन. मेहुणा आहे म्हणून नाही. मेहुण्याबद्दल आपणहून चांगलं कोण लिहितो? कामाला चोख होता म्हणून.

हुंग्या हे नाव बेकरीने दिलेलं. भट्टीवाल्याचं काम लोकांना सोपं वाटतं. साचे आत ढकलायचे, भाजले की बाहेर काढायचे. पण लांब दांड्याच्या फळीवर भरलेले साचे ठेवून ते भट्टीच्या पार मागच्या भिंतीपर्यंत पोचवायचे, तेही तोंडावर धग घेत, याला खांदे लागतात. नव्या माणसाचे खांदे महिनाभर भरलेले असतात. आणि खरी मेहनत तर तीही नव्हे. आत काय चाललंय ते दार न उघडता कळावं लागतं. दार उघडलं की धग जाते, पाव बसतो. हुंग्या दाराकडे पाठ करून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. आधी ओल्या पिठाचा वास येतो, मग आंबूस, मग गोडसर, आणि वरचं कवच तांबूस झालं की भाजलेल्या दाण्यांचा. गोडसर वास संपून दाण्यांचा सुरू होतो, तिथे एक क्षण असतो. हुंग्याला तो सापडायचा. "काढा," म्हणायचा. आम्ही काढायचो. मी जन्मभर त्याच्या शेजारी उभा राहिलो, मला तो क्षण एकदाही सापडला नाही. आमच्या भट्टीपाशी घड्याळ नव्हतं. लागलंच नाही.

भट्टीसमोर घोळणा फुटणं आमच्यात नवीन नव्हतं. कडक उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा फुटायचाच. डोक्यावर गार पाणी थापायचं, जरा दारात उभं राहायचं, परत कामाला लागायचं. नाकंही सगळ्यांची चोंदलेली. पीठ उडतं ते जाऊन नाकातच बसतं. बेकरीवाला शिंकरला तर उद्याचा पाव होईल, अशी आमच्यात थट्टा चालायची. त्यामुळे हुंग्याची डावी नाकपुडी बंद झाली आणि तिच्यातून वरचेवर रक्त येऊ लागलं, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. त्यानेही नाही.

"उष्णता आहे, दाजी," तो म्हणायचा. "लग्न झालं असतं तर बायकोने डोक्याला तेल लावलं असतं."

"मग कर की. कुणी हात धरलाय?"

"पहाटे तीनला घर सोडणाऱ्याला मुलगी कोण देणार? तुम्हाला दिली, ती आमच्या वडिलांची नजरचूक."

लग्न केलं नाही, पण त्याचा एक हट्ट होता. स्वतःची भट्टी. बाजारामागच्या गल्लीत एक बंद पडलेलं गॅरेज विकायला होतं. पगारातला मोठा भाग तो त्यासाठी बाजूला टाकत आला होता. सिनेमा नाही, नवा सदरा नाही, चपलेचा अंगठा तुटला तर खिळा ठोकून तीच चप्पल. एकदा मला गॅरेज दाखवायला घेऊन गेला. भिंती थोपटल्या, छताची उंची हाताने मोजली, मधोमध उभा राहून छाती भरून श्वास घेतला.

"कशी आहे, दाजी? हवा खेळती आहे की नाही?"

माझं नाक पिठाने कधीच कामातून गेलेलं. मी मान हलवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाव करपला. एखादा नाही, अख्खी खेप. तळ कोळशासारखा. हुंग्या त्या साच्यांकडे असा बघत राहिला, जसं दुसऱ्याच कुणाचं काम आहे. मालकांनी सोडून दिलं. चुकतं माणसाचं. पण आठवड्यात पुन्हा करपला, आणि त्याच्या पुढच्या दिवशी भीतीने लवकर काढला तर आतून कच्चा निघाला. उजव्या नाकपुडीतूनही आता नीट श्वास येत नाही, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. वास येतच नव्हता. किती दिवसांपासून, तर त्यालाही सांगता येईना. डोळ्यांनी दिसेनासं झालं तर माणूस अडखळतो. नाकाचं तसं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी भट्टीसमोरच्या भिंतीला घड्याळ लावलं. पांढरी तबकडी, काळे मोठे आकडे. शिवी दिली असती तर हुंग्या हसला असता. त्या घड्याळाकडे बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने आपला फडका घेतला आणि तबकडीवर टाकला. मालकांनी तो काढला. दुपारपर्यंत तो फडका वर आणि खाली असाच जात-येत राहिला.

शेवटी मालकांनी त्याला बाजूला घेतलं. "थोडे दिवस धगीपासून लांब राहा. तिकडे टेबलावर गोळे तोड. घोळणा थांबला की बघू."

मालकांच्या मनात वाईट नव्हतं. पण भट्टीवाल्याला गोळे तोडायला बसवणं म्हणजे गाडी चालवणाऱ्याला तिकिटं फाडायला लावणं. भट्टीवर मी उभा राहिलो, घड्याळ बघत. पाव भाजला जायचा. चांगला म्हणता यायचा नाही.

गोळे तोडायचं टेबल पार टोकाला, उत्तरेच्या खिडकीखाली. तिथे हिवाळ्यात बोटं आखडतात. अशाच एका गारठ्याच्या सकाळी हुंग्याचा घोळणा फुटला, आणि असा फुटला की टेबलावरच्या पिठात लाल ओहोळ गेला. धग नव्हती. उन्हाळा नव्हता. मी धावलो, पण हातात देण्यासारखं एकही फडकं कोरडं नव्हतं. हुंग्याने मान वर केली, समोरच्या गोळ्यातून बोराएवढा तुकडा तोडला, दोन बोटांत वळला आणि नाकपुडीत दाबून बसवला.

रक्त थांबलं.

"बघा दाजी," तो नाकातून बोलला. "बूच."

सगळे हसले. मीही हसलो. रक्ताचं पीठ टाकून दिलं, टेबल धुतलं आणि कामाला लागलो. पीठ मळण्यात माझी उमर गेली. ऊब मिळाली की पीठ फुगतं हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण नाकात गेल्यावर ते पीठ मला पीठ वाटलंच नाही, औषध वाटलं.

घरी पोचेपर्यंत हुंग्याची डावी बाजू सुजली होती. बायकोने दार उघडलं आणि भावाकडे बघत राहिली.

"हे काय लावलंयस नाकाला?"

"लावलं नाही, ताई. घातलंय."

"काय?"

"कणीक."

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही होता ना तिथे?"

मी होतो असं म्हणालो. तिने पायात चप्पल सरकवली. "दोघांत मिळून एक डोकं नाही," म्हणाली आणि त्याला दंडाला धरून रस्त्यावर काढलं. रिक्षात बसवताना तो म्हणाला, "ताई, जरा हळू. फुगलेलं आहे, हलवलं की बसतं." तिने त्याला चापट मारली, पण डाव्या बाजूला नाही.

मोठ्या दवाखान्यात नाक-कान-घशाच्या डॉक्टर बाई होत्या. बारीक अंगाच्या, बोलणं तुटक. हुंग्याला खुर्चीत बसवून त्यांनी नाकात दिवा धरला.

"आत काय आहे?"

"पाव."

"पाव?"

"अजून भाजायचा आहे."

बाई हसल्या नाहीत, पण ओठ दाबून धरले. लांब चिमट्याने त्या फुगलेलं पीठ कण कण करून काढू लागल्या. मग एक काडीएवढी दुर्बीण घेतली. तिच्या टोकाला उजेड, आणि दिसेल ते शेजारच्या पडद्यावर. आम्ही दोघं नवरा-बायको मागे उभे राहून बघत होतो. पांढऱ्या पिठामागे काहीतरी तांबडं-जांभळं चकाकत होतं. पिकल्या द्राक्षांचा घड दाबून बसवल्यासारखं.

बाईंचा हात तिथेच थांबला.

"हा शेवटचा तुकडा मी आत्ता ओढणार नाही," त्या म्हणाल्या. "तो गाठीला चिकटलाय. यांना आजच दाखल करा."

तो तुकडा दुसऱ्या दिवशी औषधाच्या थेंबांनी मऊ करून, सावकाश काढला. रक्तात रंग सोडून डोक्याची चित्रं काढली. मग बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. नाकाच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांची गाठ होती. वाढत वाढत मधला पडदा तिने उजवीकडे रेटला होता आणि मागून घशाच्या वरच्या बाजूला उतरली होती. म्हणून दोन्हीकडचा श्वास बंद, म्हणून वास नाही. कर्करोगासारखी दिसत नाही, पण खात्री गाठ काढून तपासल्यावरच.

"आधी तुकडा काढून बघता येत नाही?" मी विचारलं.

"अशा गाठीचा तुकडा तोडणं म्हणजे नळ तोडणं. काढायची ती एकदाच, आणि तिचं पाणी आधी बंद करून."

बायकोने पदर घट्ट धरला होता. "चेहरा कापावा लागेल?"

"पूर्वी नाकाच्या कडेने कापून जायचे. आता नाकपुडीतूनच जायचं, ह्याच दुर्बिणीने. बाहेर एक टाकाही पडणार नाही. रक्ताचा धोका आहे, तो मी लपवत नाही. रक्त तयार ठेवू."

हुंग्या सगळं ऐकून घेत होता. जिवाबद्दल त्याने काही विचारलं नाही.

"वास येईल का?"

बाईंनी गोड बोलून टाळलं नाही. मला ते आवडलं. "रस्ता मोकळा करणं माझं काम," त्या म्हणाल्या. "वासाच्या नसा किती दिवस दबून आहेत ते मला माहीत नाही. वचन देत नाही."

"नाही आला तर मी गोळे तोडणार," हुंग्या म्हणाला. तो कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

खर्चाचा विषय त्याने एका वाक्यात संपवला. गॅरेजसाठी टाकलेलं सगळं दवाखान्यात भरलं. बायको म्हणाली, आपण दागिना मोडू. तो म्हणाला, "ताई, भट्टी घेतली आणि वासच नसला तर त्यात काय शेकोटी करू?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याच्या जांघेतल्या रक्तवाहिनीतून केसासारखी बारीक नळी वर नाकापर्यंत नेली आणि गाठीला रक्त पुरवणारे फाटे बुजवले. हे बाईंचं पाणी बंद करणं. हुंग्या परत आला तो मांडीला पट्टी बांधून, पाय न हलवता पडून.

"काय रे, कसं वाटतंय?"

"दाजी, यांना नाक दाखवलं तर यांनी जांघेत भोक पाडलं. उद्या नाकात शिरून पायाचा अंगठा काढतील." मग छताकडे बघत, "बाईंचे हात बघितलेत तुम्ही?"

"बघितले."

"कसे आहेत?"

"चिमट्याने पीठ काढत होत्या तेव्हा एकदाही झटका बसला नाही."

त्याने डोळे मिटले. भट्टीवाला दुसऱ्याच्या हाताबद्दल विचारतो तेव्हा त्याला धीर नको असतो, मत हवं असतं. मी खरं ते सांगितलं होतं.

सकाळी त्याला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. बाकाला पाठ नव्हती. थोड्या वेळाने बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. "मळू नका." तेव्हा मला कळलं, मी मांडीवर रिकामेच हात दाबत होतो, पुढे लोटत होतो, परत ओढत होतो. ऊन समोरच्या भिंतीवरून खाली सरकत आमच्या पायांशी आलं. दार उघडलं की आम्ही उभे राहायचो. दुसऱ्याच कुणाची खाट जायची. आम्ही बसायचो.

मग बाई आल्या. टोपी काढलेली, कपाळावर तिचा वळ. पायांत जाड तळव्याच्या चपला, आमच्या बेकरीत घालतो तसल्याच. दिवसभर एका जागी उभं राहणाऱ्याला त्या कशासाठी लागतात ते सांगावं लागत नाही.

"निघाली," त्या म्हणाल्या. "अख्खी निघाली. तयार ठेवलेलं रक्त चढवावं लागलं नाही."

बायको तिथेच, पाठ नसलेल्या बाकावर बसली आणि रडायला लागली. मी म्हणालो, "हात दुखत असतील तुमचे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताची मूठ उघडली, मिटली. "डावा. दुर्बीण ह्या हातात धरून राहावं लागतं. उजवा निदान हलतो तरी."

मला ते पटलं. फळी चालवण्यापेक्षा फळी अधांतरी धरून उभं राहणं जड. मी तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "तुम्ही काय करता?" मी म्हणालो, "पीठ मळतो." आता मात्र त्या हसल्या. "म्हणजे ते पीठ तुमचं होतं!" मी होय म्हणालो. "तो बोळा घातला नसता तर अजून वर्षभर डोक्यावर पाणीच थापत बसला असता. पण पुन्हा घालू नका."

नाकातल्या पट्ट्या दोन दिवसांनी काढल्या. हुंग्याने तोंड मिटलं आणि नाकाने श्वास आत घेतला. किती तरी वेळ घेत राहिला. "गार," म्हणाला. "हवा गार लागतेय, ताई. दोन्हीकडून." बायकोने घाईघाईने पिशवीतून पाव काढून त्याच्या नाकाशी धरला. त्याने हुंगला. पुन्हा हुंगला. मग पाव तिच्या हातात परत दिला.

तपासणीचा निकाल आला. कर्करोग नाही. आम्ही पेढे वाटायचं बोललो, पण त्याच्या तोंडाकडे बघून तो बेत सोडला. जीव वाचला होता, आणि जीव त्याने कधी मागितलाच नव्हता. घरी आल्यावर रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, खपल्या निघू द्यायच्या, जड उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही. हे सगळं तो भट्टी राखावी तसं करायचा, एकही वेळ न चुकवता. आणि रोज सकाळी मी आणलेला पाव हुंगून ताटात ठेवायचा.

असे कित्येक दिवस गेले. एका दुपारी मी कामावरून आलो, त्याच्या शेजारी टेकलो आणि पाय सोडले. हुंग्या वाचत होता. त्याने वर्तमानपत्र खाली केलं. नाकपुड्या फुलवल्या. माझ्याकडे वळला, खांद्याशी नाक आणलं.

"दाजी."

"काय?"

"सदरा धुवा."

मला आधी रागच आला. दिवसभर राबून आलेल्या माणसाला बसून राहिलेला मेहुणा असं बोलतो! मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तोपर्यंत स्वयंपाकघरातून बायको धावत आली होती, हाताला साबणाचा फेस.

"काय म्हणालास? परत म्हण!"

"ताई, ह्यांच्या घामाचा वास येतोय. फार वाईट येतोय."

"मी लग्न झाल्यापासून सांगतेय!" ती म्हणाली, आणि हसता हसता तिने फेसाच्याच हातांनी डोळे पुसले, मग डोळे झोंबले म्हणून आणखी रडली. मी सदरा काढला. हुंग्याने तो माझ्या हातातून घेतला आणि तोंडावर धरून बसला. इतक्या आनंदाने माझा मळका सदरा कुणी धरला नव्हता, पुढेही धरणार नाही.

वास एकदम सगळा आला नाही. साबणाचा आला, मग धुराचा, मग बऱ्याच उशिरा गोडाचा. डॉक्टर बाईंनी हरकत नाही म्हटल्यावर तो पहाटे तीनला उठला. मी पोचलो तेव्हा भट्टी तापत आली होती. घड्याळ भिंतीवर होतंच. ह्या वेळी त्याने फडका टाकला नाही. साचे आत लोटले, दार लावलं आणि पाठ करून उभा राहिला. मालक आपल्या खोलीच्या दारात. मी घड्याळाकडे बघत होतो. रोज मी काढायचो ती वेळ आली आणि गेली. काटा पुढे सरकला.

"काढा."

मालक स्वतः पुढे आले. हात भाजत असताना त्यांनी एक पाव उपडा केला, तळ पाहिला, मोडला, आत पाहिलं. तुकडा तोंडात टाकला. मग स्टूल ओढलं, वर चढले आणि घड्याळ उतरवलं.

"माझ्या खोलीतलं मागे पडतंय," म्हणाले आणि बगलेत मारून घेऊन गेले.

"मागे तर पडणारच," हुंग्या मला म्हणाला. "नाकाच्या पुढे घड्याळ कधी गेलंय?" तो फळी घेऊन पुढच्या खेपेला लागला.

गॅरेजची गोष्ट राहिली. ते एका सायकल दुरुस्तीवाल्याने घेतलं. हुंग्याने पुन्हा तेवढे पैसे साठवले नाहीत. शेवटपर्यंत मालकांच्याच भट्टीवर राहिला. एकदा बाजारातून येताना आम्ही त्या गल्लीतून गेलो. दुकान उघडं होतं. मला वाटलं, तो मान खाली घालून निघून जाईल. तो दारातच थांबला. मधोमध उभा राहून पूर्वी घेतला होता तसा छाती भरून श्वास घेतला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"ओल आहे, दाजी. मागच्या भिंतीत. खोल मुरलेली." तो पुन्हा हुंगला. "आणि वर कुठेतरी उंदीर मेलाय. इथे पीठ ठेवलं असतं तर आठवड्यात वास धरला असता."

सायकलवाला हातातला पाना खाली ठेवून आमच्याकडे बघायला लागला.

"तेव्हा खेळती हवा म्हणाला होतास," मी म्हणालो.

"तेव्हा नाक कुठे होतं?" हुंग्या म्हणाला. तो हसत हसतच बाहेर पडला. "बरं झालं, आधी नाक घेतलं."